पैसे ‘फोर-के’चे, चित्र धुरकट: संगणकावर अडलेलं एचडी कसं शोधायचं

माझ्या आतेभावाने दिवाळीत २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. सोबत ओटीटीचा सगळ्यात महागडा प्लॅन. पहिल्याच रविवारी फोन आला, “अरे, सगळ्यांच्या तोंडाला लोणी फासल्यासारखं दिसतंय.” तोवर त्याने इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावून राउटर बदलून घेतला होता, १०० एमबीपीएसचं कनेक्शन २०० वर नेलं होतं आणि मॉनिटर परत करायचा का, यावर घरात चर्चा चालू होती. मी गेलो आणि चालू सिनेमाची आकडेवारी स्क्रीनवर उघडली. आकडा होता १२८० × ७२०. म्हणजे मॉनिटरवर ठिपके ८३ लाख आणि येणाऱ्या चित्रात जेमतेम सव्वानऊ लाख. एकेक ठिपका ताणून नऊ जागी बसवलेला.

इंटरनेट, राउटर, मॉनिटर तिन्ही ठणठणीत होते. त्याच्या संगणकावर भरवसा नाही म्हणून समोरून चित्रच हलकं पाठवलं जात होतं. आणि हे कुठेही लिहून येत नाही. ‘तुमच्या जोडणीत अमुक गोष्ट बसत नाही, म्हणून फोर-के मिळणार नाही’ असा साधा निरोप बहुतेक वेळा स्क्रीनवर दिसत नाही. माणूस बिचारा राउटर बदलत बसतो.

हा भरवसा कोण तपासतं आणि कुठे अडतं, हे पायरीपायरीने बघू. तोवर खिशात हात घालू नका.

आधी कुलपं ओळखून घ्या

सिनेमा सर्व्हरवरून निघतो तेव्हा तो कुलूपबंद असतो. तुमच्या संगणकावर ते कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो गूगलचा वाइडवाइन, विंडोजवरच्या एज ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टचा प्लेरेडी आणि मॅकवरच्या सफारीत अ‍ॅपलचा फेअरप्ले. हे झालं पहिलं कुलूप.

उघडलेलं चित्र ग्राफिक्स चिपमधून केबलने मॉनिटरकडे जातं. या शेवटच्या हातभर अंतरात कोणी ते मध्येच टिपून घेऊ नये म्हणून दुसरं कुलूप असतं, त्याचं नाव एचडीसीपी. ही इंटेलची निर्मिती, पहिली आवृत्ती २००० सालची. फोर-केसाठी लागते ती २.२ आवृत्ती २०१३ मध्ये आली.

नियम असा की या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाने आपली ओळख पटवायची. एक जरी मुक्काम कच्चा निघाला तर सर्व्हर चित्राचा दर्जा उतरवतो किंवा थेट काळा पडदा दाखवतो. संगणक कितीही दणकट असला तरी त्याने काही फरक पडत नाही.

पायरी १: आधी मोजा

यूट्यूबवर एखादा फोर-के व्हिडिओ लावा आणि दातेरी चाकाच्या खुणेवर टिचकी मारून दर्जा २१६०पी, म्हणजे फोर-के, करा. निसर्गाचे, शहरांवरून ड्रोन फिरवलेले असे ढिगाने सापडतील. यूट्यूबवरच्या साध्या, फुकट व्हिडिओंना ही कुलपं नसतात. म्हणून ही चाचणी मला फार आवडते: तिथे चित्र लख्ख दिसलं आणि अडखळलं नाही, तर तुमचं इंटरनेट, ग्राफिक्स आणि मॉनिटर फोर-के पेलतात हे सिद्ध झालं. राउटरवाल्याला फोन करायचं कारण उरलं नाही. यूट्यूबही अडखळत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा, तुमचं दुखणं वेगळं आहे.

आता ज्या सेवेवर चित्र धुरकट दिसतं तिथे या. नेटफ्लिक्स असेल तर सिनेमा चालू करून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीनवर बारीक अक्षरांत आकड्यांची यादी येईल. त्यात ‘प्लेइंग बिटरेट’ची ओळ शोधा, कंसात चित्राचा आकार दिसेल. सुरुवातीला तो लहानच असतो, अर्धा-एक मिनिट थांबा. शेवटी १९२० × १०८० वर स्थिरावला तर फुल एचडी, ३८४० × २१६० वर गेला तर फोर-के. तिथेच कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर याच आकड्याशी ताडून बघायचं आहे. ‘आता जरा बरं दिसतंय’ यावर विश्वास ठेवायचा नाही, डोळे फार लवकर फसतात.

पायरी २: प्लॅन आणि सिनेमा

हे दोन मिनिटांचं काम. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हाचे आकडे असे: मोबाइल १४९ रुपये, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९. मोबाइल प्लॅन संगणकावर चालतच नाही, बेसिक ७२०पीला थांबतो, स्टँडर्ड १०८०पीला. फोर-के फक्त प्रीमियममध्ये. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक’खाली डेटा वाचवण्याचा पर्याय चालू राहिलेला नाही ना, तेही बघा. घरातल्या कोणीतरी मोबाइलचं नेट वाचवायला तो कधीकाळी लावलेला असतो आणि मग सगळे विसरतात.

आणि सिनेमा मुळात फोर-केत आहे का? बरेच जुने मराठी सिनेमे ओटीटीवर जेमतेम एचडीत आहेत. तिथे कुठलंही कुलूप दोषी नाही.

वेगाचं म्हणाल तर नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं. भावाच्या २०० एमबीपीएसचं काय झालं असेल ते ओळखा.

पायरी ३: ब्राउझर बदलून बघा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारा उपाय हाच आहे. एक पैसा लागत नाही.

वाइडवाइनच्या भरवशाच्या तीन पातळ्या आहेत, एल-१, एल-२ आणि एल-३. एल-१ मध्ये कुलूप उघडण्याचं आणि चित्र उलगडण्याचं सगळं काम चिपच्या आतल्या बंदिस्त कोपऱ्यात होतं, बाकीच्या संगणकाला तिथे डोकावता येत नाही. एल-३ मध्ये तेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. संगणकावरचं क्रोम बहुतेक वेळा एल-३ वरच चालतं. आणि एल-३ फोडता येतं हे एका संशोधकाने २०१९ मध्ये दाखवूनही दिलं, त्यामुळे निर्माते आपला फोर-के माल त्याच्या हाती द्यायला तयार नसतात. क्रोमवर नेटफ्लिक्स कित्येक वर्षं ७२०पीवर अडून बसायचं. फोनचंही तेच गणित: स्वस्तातल्या काही अँड्रॉइड फोनवर स्क्रीन फुल एचडी असूनही सिनेमा ४८०पीत दिसतो, कारण फोन एल-३ चा असतो.

विंडोजवरचं एज प्लेरेडी वापरतं, आणि प्लेरेडीला चिपच्या आतलं कुलूप मिळतं. म्हणून नेटफ्लिक्सही विंडोजवर फोर-केसाठी एजकडेच बोट दाखवतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं त्यांचं अ‍ॅप चालतं, पण २०२४ पासून ते आतून ब्राउझरच आहे आणि त्यातली डाउनलोडची सोयही गेली. मॅक असेल तर सफारी वापरा. त्यासाठी मॅकओएस बिग सर किंवा पुढची आवृत्ती आणि टी-२ चिप असलेला किंवा अ‍ॅपलच्याच प्रोसेसरवरचा मॅक लागतो. लिनक्सवाल्यांनो, मीही तुमच्यातलाच आहे, पण इथे आपल्याला फोर-केची आशा नाही. चिपमधलं कुलूप लिनक्सच्या ब्राउझरला मिळत नाही आणि प्रश्न तिथेच संपतो.

एज उघडलं की एक सेटिंग बघा: ‘सिस्टीम’खाली हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) चालू हवं. कोणीतरी कधीतरी स्क्रीन लुकलुकते म्हणून ते बंद करायला सांगितलेलं असतं. ते बंद असेल तर चिपमधल्या कुलपापर्यंत ब्राउझर पोचतच नाही.

चिपमधलं कुलूप चालू झालं की आणखी एक गंमत दिसते. स्क्रीनशॉट काढला तर सिनेमाच्या जागी काळा चौकोन येतो. न्यू जर्सीतली लेक पुण्यातल्या आईला झूमवर सिनेमा दाखवायला स्क्रीन शेअर करते आणि आई म्हणते, “बाई, आवाज येतोय पण चित्र कुठाय?” ते याचमुळे. कोणाचंही काही बिघडलेलं नसतं.

पायरी ४: संगणकाची कुंडली

फुल एचडीसाठी ही पायरी सोडून द्या, गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा संगणक चालेल. फोर-के हवं असेल तर तीन गोष्टी बघाव्या लागतात. प्रोसेसर इंटेलचा असेल तर सातव्या पिढीचा किंवा पुढचा. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर जीटीएक्स १० मालिकेपासून पुढचं, आणि त्यावर निदान ३ जीबी मेमरी. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. नेटफ्लिक्सचं फोर-के चित्र एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने आवळून पाठवलेलं असतं आणि ते उलगडणारा जोड विंडोजसोबत सरसकट येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेंशन्स’ शोधा. किरकोळ पैसे पडतात. काही लॅपटॉपवर कंपनीने ते आधीच टाकलेलं असतं, म्हणून विकत घेण्याआधी सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत नजर टाका.

पायरी ५: केबल, कन्व्हर्टर आणि दुसरा मॉनिटर

ब्राउझर बदलूनही न सुटलेल्या बऱ्याच तक्रारी इथे सुटतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

एचडीसीपी काम कसं करतं ते आधी बघा. केबल जोडली की संगणक मॉनिटरला विचारतो, तू कोण? जुन्या १.x आवृत्तीत प्रत्येक यंत्राच्या पोटात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या भरलेल्या असतात. दोघं आपापल्या किल्ल्यांवरून एक आकडा काढतात, तो जुळला तरच चित्र सुरू होतं. एवढ्यावर भागत नाही. चित्र चालू असतानाही दर दोन सेकंदांच्या आत ताळा पुन्हा घेतला जातो. तुमच्याकडे सिनेमा मध्येच क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर पहिला संशय केबलवर घ्या: सैल पिन, वाकलेली केबल, नाहीतर भिंतीतून नेलेली दहा मीटरची स्वस्त एचडीएमआय. ताळा एकदा चुकला की चित्र बंद, परत ओळखपरेड, मग परत चित्र.

२.x आवृत्त्यांत सगळा हिशोब नव्याने मांडला गेला. जुन्या आवृत्तीची तर सप्टेंबर २०१० मध्ये मूळ किल्लीच इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. नव्या २.२ आवृत्तीत अंतरही मोजतात. मॉनिटरकडून उत्तर २० मिलिसेकंदांत आलं पाहिजे, म्हणजे तो त्याच घरात आहे आणि कोणी इंटरनेटवरून दूर कुठेतरी चित्र ओढत नाही याची खात्री.

आता हे घरात लावून बघा. सासऱ्यांकडे एक जुना मॉनिटर आहे, निळ्या पंधरा पिनांच्या व्हीजीए सॉकेटचा. नव्या लॅपटॉपला एचडीएमआयच, म्हणून त्यांनी बाजारातून दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला. विंडोज दिसतं, एक्सेल दिसतं, यूट्यूबवरचं कीर्तन दिसतं. ओटीटीवरची मालिका लावली की आवाज येतो आणि पडदा काळा. त्यांनी कन्व्हर्टर दोनदा बदलून आणला. दुकानदाराचा काही दोष नव्हता. व्हीजीएवरून चित्र अ‍ॅनालॉग जातं आणि तिथे एचडीसीपीचं कुलूप लावताच येत नाही. सोसायटीच्या हॉलमधल्या जुन्या प्रोजेक्टरवर मॅच बघायला जमलेली मंडळी ऐन टॉसच्या वेळी ज्या काळ्या पडद्याकडे बघत बसतात, तो हाच.

तपासायचं कसं? एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिस्प्ले’खाली ‘व्ह्यू एचडीसीपी स्टेटस’ आहे, तिथे प्रत्येक जोडलेल्या स्क्रीनचं हो-नाही कळतं. दुसरं काही असेल तर मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एचडीसीपी २.२’ हे शब्द शोधा. नुसतं ‘एचडीएमआय २.०’ लिहिलेलं पुरत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीच्या फोर-के टीव्हींमध्ये तर चारपैकी एकाच सॉकेटला २.२ असायचं, आणि त्या सॉकेटशेजारी तसं बारीक अक्षरात छापलेलं असायचं. टीव्ही भिंतीवर टांगलेला असला तर मोबाइलचा टॉर्च घेऊन मागे वाकायची तयारी ठेवा.

मधल्या प्रत्येक डबीचाही हिशोब धरा. एचडीएमआय स्प्लिटर, स्विच, साउंडबार, होम थिएटरचा रिसीव्हर, यूएसबीवरून चित्र काढणारे काही डॉक, यातलं काहीही २.२ चं नसेल तर फोर-के तिथेच अडतं. चाचणीपुरती सगळी मधली मंडळी काढा आणि संगणक ते स्क्रीन एकच छोटी केबल लावा. आकडा वर गेला तर एकेक डबी परत जोडत जा; ज्या डबीला आकडा पडतो, ती गुन्हेगार.

आणि दोन मॉनिटर असतील तर? विंडोजवर फोर-के हवं असेल तर जोडलेली प्रत्येक स्क्रीन २.२ ची लागते, सिनेमा कुठल्या स्क्रीनवर चालू आहे याला महत्त्व नाही. ऑफिसचं काम करायला बाजूला लावलेला जुना मॉनिटर संपूर्ण घराचं फोर-के बंद पाडू शकतो. हे कळायला मला स्वतःला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

चकत्यांची गोष्ट

ब्लू-रे विकत घेणारे आपल्याकडे मूठभरच, पण अमेरिकेहून येणारा मावसभाऊ बॅगेत चकत्या आणतो म्हणून थोडक्यात. चकती ज्या विभागाची, त्याच विभागाच्या यंत्रावर ती चालते. डीव्हीडीसाठी भारताचा विभाग ५ आणि अमेरिकेचा १. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यानंतर तो कायमचा चिकटतो. उत्साहात बदलत बसू नका. ब्लू-रेत भारत सी विभागात, अमेरिका ए. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभाग नाहीत, पण त्याचं दुखणं याहून मोठं आहे. संगणकावर ती चकती अधिकृतपणे चालवायला इंटेल प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागायची. ती सहाव्या ते दहाव्या पिढीत होती. २०२१ मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून इंटेलने ती काढूनच टाकली. म्हणजे २०१८ चा संगणक जी चकती चालवतो, ती आजचा त्याच्या तिप्पट ताकदीचा संगणक चालवत नाही. चकत्यांचाच शौक असेल तर सरळ टीव्हीला जोडायचा प्लेअर घ्या.

वाकड्या वाटेबद्दल

शोधाशोध करताना ‘एचडीसीपी काढून टाकणारे’ स्प्लिटर आणि कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरं हमखास समोर येतील. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलं. हक्कभंग करायच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ती वाट मी सांगणार नाही. पण मनातलं बोलतो: पैसे भरणारा माणूस धुरकट चित्र बघतो आणि टेलिग्रामवरून फुकट उचलणाऱ्याला लख्ख फोर-के मिळतं, कारण त्याच्या फाइलला कुलूपच नसतं. या कुलपांनी चोर किती अडले ते आपण बघतोच आहोत. दमछाक होते ती सासऱ्यांसारख्यांची.

खर्च करायचाच असेल तर

पाचही पायऱ्या करून आकडा हलला नाही आणि शेजारीच फोर-के टीव्ही असेल, तर संगणकाचा नाद सोडा. टीव्हीतलं अ‍ॅप किंवा त्याला लावायची फोर-के स्टिक या सगळ्या परीक्षा कारखान्यातच देऊन आलेली असते. नवं ग्राफिक्स कार्ड, नवी केबल, नवा मॉनिटर यांच्या तुलनेत तो खर्च फारच थोडा. संगणक कामाला ठेवा.

आतेभावाकडे टीव्ही नव्हता, सगळं काही तो मॉनिटरच. क्रोम सोडून एजवर आलो तेव्हा आकडा १९२० × १०८० झाला आणि तिथेच बसला. एचईव्हीसीचा जोड होता, प्रोसेसर बाराव्या पिढीचा होता, केबल मॉनिटरसोबत आलेली होती. मग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे त्याचा जुना मॉनिटर उभा होता, निळ्या सॉकेटचा, त्यावर ऑफिसचं टाइमशीट उघडं. मी त्याची केबल उपसली आणि ब्राउझर बंद करून परत उघडला. पाऊण मिनिटाने आकडा ३८४० × २१६० वर गेला.

आता तो सोमवार ते शुक्रवार दोन्ही मॉनिटर वापरतो आणि शुक्रवारी रात्री जेवण झालं की वाकून एक केबल काढून ठेवतो. वहिनी म्हणते, “देवाचं निरांजन विझवल्यासारखं करतो दर शुक्रवारी.” २०० एमबीपीएसचं कनेक्शन मात्र अजून तसंच आहे, वर्षाचे पैसे आधीच भरले होते.